टिलबर्गला निघालेली विळी

दगड भिजत घातलेल्या बादलीतलं पाणी बोटांना चावायला लागलं, की आमच्या न्यूनेनमध्ये ऑक्टोबर आला असं मी समजतो. कॅलेंडर बघावं लागत नाही. मागच्या अंगणात, सायकलींच्या शेडच्या दारात माझं एक स्टूल असतं, एक बादली असते आणि बादलीत धार लावायचे तीन दगड बुडवलेले असतात. उन्हाळ्यात हे काम म्हणजे सुख. ऑक्टोबरात बोटं आधी लाल होतात, मग पांढरी, आणि मग ती आपली आहेत की शेजाऱ्याची, तेच कळेनासं होतं. शेतांतून बीट भरलेले ट्रॅक्टर रस्त्यावर चिखल सांडत जातात. ओली पानं सायकलच्या वाटेला चिकटून बसतात. शेजारचे आजोबा पानं उडवायचं ते कर्कश मशीन घेऊन बाहेर पडतात, आणि त्यांच्या अंगणातली पानं आमच्या अंगणात येतात. ह्याच दिवसांत ती ईमेलही येते : टिलबर्गच्या सुऱ्यांच्या प्रदर्शनाची तिकिटं संपत आली आहेत, त्वरा करा. ती ईमेल बघितली की दरवर्षी माझं डोकं फिरतं. प्रदर्शनवाल्यांचा काही दोष नाही. बिचाऱ्यांनी सगळं नियमात केलं.

मी नेदरलँड्समध्ये आलो तो बायकोच्या व्हिसाला लटकून. वैशालीला आइंडहोव्हनला नोकरी मिळाली, आणि पिंपरीच्या एका टूलरूममध्ये चौदा वर्षं ग्राइंडिंग केलेला मी कागदोपत्री तिच्यावर अवलंबून असलेला माणूस झालो. पहिल्या वर्षी मी पोळ्या लाटायला शिकलो, लेकीला, इराला, सायकलवरून शाळेत सोडायला शिकलो आणि खेमेन्टेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, पत्रांना घाबरायला शिकलो. दुसऱ्या वर्षी घरातल्या सुरीने टोमॅटो कापला जाईना म्हणून एक दगड विकत आणला. तिथून सगळं सुरू झालं. आधी आमच्या सुऱ्या झाल्या, मग शेजाऱ्यांच्या. मग अ‍ॅमस्टेलव्हीनच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी माझं नाव टाकलं, आणि मी महिन्यातून एकदा टूलबॉक्स घेऊन ट्रेनने तिकडे जायला लागलो. रीतसर नोंदणी केली, कार्डं छापली. कराडच्या नातेवाइकांना आई सांगायची, "नितीनचा तिकडे स्वतःचा बिझनेस आहे." कसला, ते सांगायची नाही.

पण ही गोष्ट माझ्या बिझनेसची नाही, आईच्या विळीची आहे. कोरोनाच्या आधीच्या जानेवारीत मी कराडला गेलो होतो. आई स्वयंपाकघरात खाली बसून भोपळा कापत होती. एक पाय विळीच्या पाटावर, दोन्ही हातांत भोपळ्याची फोड आणि समोर उभं पातं. ते पातं झिजून झिजून निम्मं उरलं होतं आणि लाकडात बसवलेलं त्याचं बूड डुगडुगत होतं. काही वर्षांपूर्वी आईचं डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण पकड गेली. सुरीने कापायचं तर डाव्या हाताने भाजी घट्ट धरावी लागते. विळीला ते लागत नाही. पातं जागच्या जागी उभं असतं, आपण दोन्ही हातांनी भाजी त्याच्यावर ढकलायची. एवढ्या एका गोष्टीवर तिचा स्वयंपाक चालला होता, आणि आई एकटी राहत असल्यामुळे स्वयंपाक चालला म्हणजे सगळं चाललं असा आमचा हिशेब होता. मामेभावाने बाजारातली नवी स्टीलची विळी आणून दिली होती. ती फरशीवर सरकायची, आणि तिला धार नव्हती, नुसती चकाकी होती. पूर्वी पाती बसवून देणाऱ्या लोहाराच्या जागी आता मोबाइलचं दुकान होतं.

मी फुशारकीत म्हणालो, "माझ्याकडे दे. तिकडे असलं पोलाद मिळतं की पुन्हा बघायला नको."

"आणि तोवर मी काय करू?"

"दिवाळीला घेऊन येतो की. नऊ-दहा महिन्यांचा तर प्रश्न आहे."

आईने विळी पुसली, आडवी केली आणि फरशीवर माझ्यासमोर ठेवली. मी हात पुढे केला होता, तो मागे घेतला. धारेची वस्तू कुणाच्या हातात द्यायची नाही, खाली ठेवायची आणि दुसऱ्याने ती उचलायची, नाहीतर देणाऱ्या-घेणाऱ्यात भांडण होतं, हा आमच्या घरचा कायदा. आईने तो उभ्या जन्मात मोडला नव्हता. वडील दाढीचं ब्लेड मागायचे तेव्हासुद्धा ती ते आधी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची. तर मी विळी खालून उचलली, आईच्या एका जुन्या पातळात गुंडाळली आणि मोठ्या बॅगेत तळाशी घातली.

आता ह्यातला मूर्खपणा सांगतो. चौदा वर्षं मी ड्रॉइंगवरून कामं केली. पात्याचा आकार कागदावर पेन्सिलीने गिरवून घेतला असता, पाटाची मापं घेतली असती, चार फोटो काढले असते, तर विळी आईपाशीच राहिली असती. डुगडुगती का होईना, पण राहिली असती. पण घरच्या माणसाची वस्तू दुरुस्त करायची म्हटली की आपण ती काखोटीला मारूनच निघतो, मग तो मिक्सर असो नाहीतर भिंतीवरचं घड्याळ. मी समुद्रापलीकडे निघालो होतो, एवढाच काय तो फरक. न्यूनेनला बॅग उघडल्यावर वैशालीने पहिला प्रश्न हाच विचारला, "अरे, ट्रेस करून का नाही आणलंस?" मी चिडलो. अजूनही ह्या प्रश्नावर चिडतो.

येले मला इंटरनेटवर सापडला. दूर उत्तरेला, फ्रीसलंडमधल्या एका खेड्यात राहणारा सत्तरीचा लोहार. गवत कापायचे कोयते, बागेतली अवजारं आणि स्वयंपाकाच्या सुऱ्या हाताने घडवायचा. मी त्याला विळीचे फोटो पाठवले, ती कशी चालते तेही लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं, सगळं मोठ्या अक्षरांत, कारण लहान अक्षरं कुठून काढायची हे त्याला माहीत नव्हतं. असली वस्तू त्याने आयुष्यात बघितली नव्हती. सुरी उभी आणि भाजी चालते, हे वाचून म्हणे तो एकटाच हसला होता. फोटोवरून काम करणार नाही आणि पोस्टाने पाठवू नका, असं त्याने लिहिलं. ऑक्टोबरात टिलबर्गच्या प्रदर्शनात त्याचं टेबल असणार होतं, तिथे घेऊन या. शेवटी एक ओळ होती : "जमलं तर ती वापरणारी बाईही आणा. वस्तू बघून मला निम्मंच कळेल."

बाई आणणं शक्य नव्हतं. पण प्रदर्शन! तोपर्यंत मला असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. एक अख्खा मोठा हॉल, शेकडो टेबलं, आणि प्रत्येक टेबलामागे सुरी स्वतःच्या हाताने घडवणारा माणूस. टूलरूममध्ये मी दहा-दहा मायक्रॉनसाठी डोळे फोडले होते, पण तापलेल्या लोखंडातून पातं निघताना कधी पाहिलं नव्हतं. मार्चमध्ये सगळं बंद झालं, अ‍ॅमस्टेलव्हीनच्या फेऱ्या थांबल्या, वैशालीने जेवणाच्या टेबलावर ऑफिस थाटलं, आणि मला अंगणातल्या शेडमध्ये हाकललं. जूनमध्ये थोडं मोकळं झालं. हॉटेलांची टेबलं पुन्हा बाहेर आली. प्रदर्शन ठरल्याप्रमाणे होणार, अशी ईमेल आली, आणि त्याच दिवशी मी तिकीट काढलं.

त्या उन्हाळ्यात मी जितका अभ्यास केला, तितका डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला केला असता तर कदाचित आयुष्य वेगळं झालं असतं. हॉलचा नकाशा छापून घेतला. कोणत्या दाराने आत जायचं, कोणती ओळ आधी, कोणती नंतर, हे लाल पेनाने आखलं. येलेचं टेबल अगदी शेवटच्या ओळीत होतं. आधी सगळं बघायचं, डोळे भरून घ्यायचे, आणि मग त्याच्याकडे जायचं, असा बेत. प्रश्नांची वही केली. पोलादाला पाणी कधी द्यायचं आणि तेल कधी. मुठीला कोणतं लाकूड. थरांची नक्षी दिसते ती धारेच्या कामाची, की नुसती दिखाऊ. इराकडून हे सगळे प्रश्न डच भाषेत लिहून घेतले. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. मी मराठीत सांगायचो, ती डचमध्ये लिहायची आणि इंग्रजीत वैतागायची. "बाबा, नोबडी आस्क्स लाइक दिस," म्हणायची. मी शेडमध्ये दगडावर सुरी फिरवत तेच प्रश्न मोठ्याने म्हणायचो. कुंपणापलीकडून शेजारचे आजोबा माझे उच्चार सुधारायचे.

सप्टेंबर आला तशी तयारी अंगात आली. खिशात मावणारं भिंग घेतलं. धार बघायला वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून ठेवल्या. चिकटपट्टीची डबी घेतली, कारण सुऱ्यांच्या जत्रेत निघालेला माणूस बोट कापून घेणारच. विळी पुसून, पात्याला तेल लावून, पातळाच्या तीन घड्यांत बांधली आणि टूलबॉक्समध्ये आडवी बसवली. झाकण लागेना. दुसरा, लांब टूलबॉक्स आणला. न्यूनेनहून बसने आइंडहोव्हन, तिथून ट्रेनने टिलबर्ग. एका रविवारी मी रिकामा टूलबॉक्स घेऊन नुसता तो प्रवास करून आलो, रंगीत तालीम म्हणून. वैशाली म्हणाली, "तोंडाला मास्क, हातात पेटी, पेटीत हातभर वाकडं पातं. पोलिसांनी धरलं तर मला फोन करू नकोस." पण तीही मनातून खूश होती. इथे आल्यापासून मी इतका उत्साहाने कुठे निघालो नव्हतो, हे तिला दिसत होतं.

रस्त्याकडेची चेस्टनटची झाडं तेव्हा टपाटपा फळं टाकत होती. तपकिरी, तुकतुकीत, हातात घेतली की खावीशी वाटणारी, आणि खाल्ली तर पोट बिघडवणारी. इराने बादलीभर गोळा केली होती. सकाळी धुकं इतकं खाली उतरायचं की कुंपणापलीकडची गाय आवाजावरून ओळखावी लागायची. माझ्या आठवणीत तो सगळा महिना असा ओला, तपकिरी आणि आनंदी आहे. सुखाचे दिवस ओळखू येत नाहीत म्हणतात. मला ते चांगले ओळखू येत होते, म्हणून तर नंतर इतका राग आला.

प्रदर्शनाला चार दिवस असताना ईमेल आली. एकच शब्द ठळक होता, 'आउटखेस्टेल्ड'. पुढे ढकललं. वर्गात चार महिने घालवून मला जेवढं डच आलं नाही, तेवढं त्या एका शब्दाने शिकवलं. त्याच आठवड्यात सरकारने हॉटेलं बंद केली, कार्यक्रम बंद केले, घरी येणाऱ्या पाहुण्यांची संख्याही ठरवून दिली. प्रदर्शन वसंतात होईल, तिकीट तेच चालेल, तब्येत सांभाळा. मी टूलबॉक्स उघडला, विळी बाहेर काढली, पुन्हा आत ठेवली. काय करावं ते कळत नव्हतं. कुणावर तरी ओरडावंसं वाटत होतं, आणि ओरडायला समोर कुणी नव्हतं. कारण जे झालं ते बरोबरच होतं.

येलेला लिहिलं, मी तुमच्या घरी येऊ का. त्याचं उत्तर आलं की त्याच्या बायकोचं फुप्फुस अधू आहे, दारात माणूस उभा करत नाही, माफ करा. मी चिडून विळी चालवतानाचा माझा व्हिडिओ काढून पाठवला. त्यात मी ढोबळी मिरची कापली होती. तो म्हणाला, "ह्यात मला तुम्ही दिसता, तुमची आई दिसत नाही." त्याचंही बरोबर होतं. त्या वर्षात सगळ्यांचंच बरोबर होतं, आणि आईची विळी माझ्या शेडमध्ये पडून होती.

आईला फोनवर सांगितलं. तिचा व्हिडिओ कॉल म्हणजे अर्धं कपाळ आणि वर फिरणारा पंखा. फोन कुठेतरी डब्याला टेकवून ती कामाला लागायची आणि मी पंख्याशी बोलायचो.

"दिवाळीला जमत नाही आई. प्रदर्शन पुढे गेलं. विमानाचंही काही खरं नाही."

"राहू दे की. जिवाला जप."

"भाजी कशी कापतेस?"

"कापते हळूहळू सुरीने. त्यात काय."

मागून आवाज यायचा. टक. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. मी धार लावणारा माणूस आहे, सुरी कशी पडते हे मला आवाजावरून कळतं. तो आवाज न धरता आलेल्या कांद्याचा होता. एकदा ती म्हणाली की बोटाला जरा लागलं. जरा म्हणजे दोन टाके, हे मामेभावाकडून कळलं. मी शेडमध्ये गेलो, कुणाची तरी सुरी दगडावर घेतली आणि ती इतकी घासली की तिचं टोकच गेलं. नवीन घेऊन द्यावी लागली.

पार्सलने परत पाठवू म्हटलं, तर काउंटरवरच्या मुलीने पेटीत काय आहे विचारलं. पातं म्हटल्यावर मान हलवली. भारताकडे पार्सलं जातील की नाही हेच तिला नीट माहीत नव्हतं. आणि पाठवून तरी काय पाठवणार होतो? डुगडुगतं पातंच ना.

माझं काम मात्र विचित्र पद्धतीने वाढलं. लोक घरी बसून स्वयंपाक करत होते, सुऱ्या बोथट होत होत्या. पण परक्या माणसाला घरात कोण घेणार? गिऱ्हाईक सुऱ्यांचा डबा पायरीवर ठेवायचं, मला आत बोलवायच्या ऐवजी दारातूनच हात करायचं आणि दीड मीटर मागे सरायचं. मी पुढे होऊन डबा उचलायचो. परत करताना मी पायरीवर ठेवायचो, ते उचलायचे. कुणी कुणाच्या हातात काही देत नव्हतं. आईचा कायदा सगळ्या देशाने मान्य केल्यासारखा झाला होता. हे मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा पंख्याखालून ती हसली, आणि म्हणाली, "मग आता कुणाचं भांडणच होत नसेल तिकडे." मला तिचं हसू ऐकून बरं वाटलं, आणि फोन ठेवल्यावर वाईट वाटलं.

वसंतातलं प्रदर्शन पुन्हा 'आउटखेस्टेल्ड' झालं. त्या खेपेला मी नकाशा छापला नव्हता, त्यामुळे तेवढा कागद वाचला. त्याच एप्रिलमध्ये तिकडे भारतात जे चाललं होतं, ते आठवायला मला आजही नको वाटतं. कराडच्या आमच्या गल्लीतून रोज एक नाव यायचं. भारतातून येणारी विमानं बंद झाली. गेलो तर परत येता येईल की नाही, ठाऊक नव्हतं. वैशाली शांतपणे म्हणाली, "जायचं असेल तर जा. मी बघते इकडचं." मी गेलो नाही. विळीचं पातं, प्रदर्शन, पोलाद, सगळं तेव्हा इतकं फालतू वाटत होतं, तरी रोज फोन केल्यावर मी पहिल्यांदा तेच विचारायचो, भाजी कशी कापलीस. दुसरं विचारायचं धाडस नव्हतं. आईला काही झालं नाही. मी मात्र त्या दोन महिन्यांत घाबरट माणूस झालो, तो अजून पुरता बरा झालेलो नाही.

दुसऱ्या ऑक्टोबरात प्रदर्शन झालं. शेवटच्या मिनिटापर्यंत माझा विश्वास नव्हता. दारात मोबाइलवरचा लस घेतल्याचा तो चौकोनी कोड दाखवला, पट्टेवाल्याने हिरवी खूण बघितली, टूलबॉक्स उघडायला लावून विळीकडे बराच वेळ बघितलं आणि आत सोडलं. दीड वर्ष ज्या दाराची स्वप्नं बघितली, त्यातून आत गेलो, तेव्हा आधी आला तो तेलाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास. पिंपरीच्या टूलरूमची सकाळची पाळी आठवली. टेबलांमागून टेबलं. मखमलीवर ओळीने मांडलेली पाती, काहींवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी. दलदलीतून काढलेल्या काळ्या लाकडाच्या मुठी. पहिल्याच टेबलावरच्या दाढीवाल्याने एक सुरी मूठ माझ्याकडे करून पुढे धरली. मी हात मागे घेतला आणि टेबलाकडे बोट दाखवलं, खाली ठेवा. त्याला वाटलं, मी अजून कोरोनाला घाबरतो. त्याने सुरी ठेवली, दोन पावलं मागे सरला, शिवाय हातही वर केले. मला समजावून सांगता येईना. वहीतल्या प्रश्नांत हा प्रश्न नव्हता. पुढे प्रत्येक टेबलावर हेच झालं. शेवटी मी बघणं सोडून दिलं आणि सरळ शेवटच्या ओळीत गेलो.

येले माझ्या कल्पनेपेक्षा बुटका निघाला. विळी पातळातून बाहेर काढली तेव्हा त्याने हात लावला नाही. आधी चहूबाजूंनी बघितली. मग तो सत्तरीचा माणूस, एवढ्या गर्दीत, टेबलाच्या पुढे येऊन सरळ जमिनीवर बसला आणि म्हणाला, दाखवा. मी त्याच्याशेजारी बसून पाटावर पाय ठेवला. त्याच्या मुलीने डब्यातलं सफरचंद दिलं. मी कापलं. मग तो बसला, त्याने कापलं. भोवती माणसं जमली. त्याने पट्टीने पात्याची उंची मोजली, जमिनीपासून माझ्या छातीचं अंतर मोजलं आणि विचारलं, "तुमची आई तुमच्यापेक्षा किती बुटकी?" मी खुणेने दाखवलं. मग त्याने विचारलं, "ती अजून जमिनीवर बसते ना?"

"हो," मी म्हणालो, "अर्थात."

वहीभर प्रश्न मी लिहून नेले होते आणि एकही विचारला नाही. त्याने विचारला तो एकच प्रश्न कामाचा होता.

जानेवारीत त्याची मुलगी काही कामासाठी आइंडहोव्हनला आली, तेव्हा मी त्याच्याकडे ठेवून आलेली विळी आमच्या दारातल्या पायपुसण्यावर ठेवून गेली. पातं असं उतरलं होतं की मी त्याला दगड लावायची हिंमत केली नाही. बूड लाकडात इतकं घट्ट की पाट आणि पातं एकाच झाडाचं वाटावं. बसणाऱ्याकडे जरासा झुकाव दिला होता, म्हणजे हातांना जोर कमी लागावा. त्या रात्रीच्या स्वयंपाकाला मी लाल भोपळा कापला आणि वैशालीला म्हणालो, "आता बघ आई कशी सुटते ते." ती म्हणाली, "आईंना एकदा विचारून तरी घे." मी विचारलं नाही. मला तिला चकित करायचं होतं.

मार्चमध्ये कराडला पोचलो. कोयनेवरून येणारं ऊन, गल्लीत वाळत घातलेल्या सांडग्यांचा वास, सगळं जागच्या जागी होतं. आई दारापर्यंत आली नाही. आतल्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. मी पाया पडलो, तिने डोक्यावरून हात फिरवला. दोन वर्षांनी मी पंख्याच्या खालची आई बघत होतो. ती निम्मी झाली होती. मी उत्साहाने बॅग उघडली, पातळ सोडलं आणि विळी तिच्यासमोर फरशीवर ठेवली. आडवी, तिने ठेवली होती तशी. मग मागे सरकलो आणि वाट बघत बसलो.

आईने खुर्चीतूनच वाकून बघितलं. उठली नाही.

"छान केलीय रे," ती म्हणाली. "कुणी केली?"

"येले नावाचा लोहार आहे. तुझ्या बसायच्या मापाने केलीय. बसून बघ ना."

"गुडघे गेले रे. वर्ष होऊन गेलं, खाली बसत नाही. बसले तर उठवायला माणूस लागतं."

तेव्हा मला स्वयंपाकघर दिसलं. ओट्याशी एक उंच स्टूल, ओट्यावर लाकडी फळी, फळीवर एक बोथट सुरी. फळीला मधोमध कुणीतरी मोठा खिळा ठोकला होता. त्या खिळ्यावर ती कांदा रोवायची, डाव्या हाताने धरायला नको म्हणून. सुतार शोधून, त्याला सांगून तिने तो ठोकून घेतला होता. दीड वर्ष मी ज्या कामासाठी रडत होतो, ते तिने एका खिळ्यावर भागवलं होतं. टक, आणि बराच वेळ काही नाही, ते त्या खिळ्यावर कांदा बसवताना. मला आवाजावरून सगळं कळतं, असं मी मघाशी लिहिलं, ते खरं नाही.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. आवाज चढला होता. "इतके दिवस रोज फोन करत होतो. रोज विचारत होतो."

"तू भाजीचं विचारायचास," ती म्हणाली. "गुडघ्याचं कुठे विचारलंस?"

विळी आमच्या दोघांच्या मधे फरशीवर पडली होती. ती तिला वाकून उचलता येत नव्हती, आणि मला ती तिथून परत बॅगेत घालवत नव्हती. मग आईने दोन्ही हात पुढे केले, उजवा सरळ आणि डावा थोडा वाकडा.

"आण इकडे. हातात दे."

"हातात?" मी म्हणालो. "भांडण होईल ना."

"होऊ दे," आई म्हणाली. "भांडायला तरी येत जाशील."

मी विळी उचलली आणि तिच्या हातात दिली.